आशिकागाच्या महावेलीस

तीर्थरूप विस्टेरियाच्या महावेलीस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुझं वय एकशे साठीच्या घरात, म्हणून मायना थोरामोठ्यांचा. पुढे मात्र आजीला म्हणतात तसं 'तू'च म्हणते.

एप्रिलच्या मध्याला साताऱ्याहून आईबाबा आमच्याकडे येतायत. आम्ही तोक्योच्या निशिकासाईत राहतो. त्यांचं परतीचं तिकीट ८ मेचं आहे. मधल्या दिवसांतला एक दिवस तुझ्यासाठी ठेवायचा, हे नक्की. तो कुठला, ते तू ठरवावंस, यासाठी हे पत्र.

इथल्या ओळखीच्या मंडळींचं उत्तर तयार असतं: गोल्डन वीक. २९ एप्रिलची सुटी, मग ३, ४ आणि ५ मे. सगळे घरी, सगळे मोकळे. महिनाभर आधी तारीख पक्की करून टाकायची. पण त्या तारखा कॅलेंडरच्या आहेत, तुझ्या नाहीत. अलीकडच्या काही वर्षांत वसंत लवकर तापतो आणि तुझा जांभळा बहर एप्रिलमध्येच भरात येऊन मेच्या सुरुवातीला उतरू लागलेला असतो. मग लांबून आलेली माणसं तुझ्या मांडवाखाली उभी राहून इंटरनेटवरचा फोटो शोधत बसतात. मला ते बघवत नाही. आईबाबांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. सातारकर आहेत ते. कासच्या पठारावर जायचं तर आधी वर राहणाऱ्या कुणाला तरी विचारायचं, पाऊस कसा आहे, काय फुललंय, आणि मग गाडी काढायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलंय.

तुझ्या फुलांची तयारी तर आदल्या उन्हाळ्यातच झालेली असते. बहर ओसरला की माळी सुकलेले घोस काढून टाकतात, नाहीतर तू शेंगा धरण्यात ताकद घालवशील. मग छाटणी, आणि भर उन्हाळ्यात पुढच्या वर्षीच्या कळ्यांची धारणा. आम्ही एप्रिलमध्ये अंदाज बघतो तो फक्त शेवटच्या टप्प्याचा. तुझ्या बागेची एक पद्धत मला म्हणूनच फार आवडते. बहराच्या दिवसांत प्रवेशाचा दर फुलांवर ठरतो. फूल कमी तर पैसे कमी. पाहुण्याशी यापेक्षा सरळ व्यवहार कुठला असेल?

जवळचं सोडून इतक्या लांब कशाला, असंही कुणी विचारलं. कामेइदोचं तेन्जिन देऊळ आमच्यापासून फार दूर नाही. तिथल्या तळ्यावरचे विस्टेरियाचे मांडव हिरोशिगेने १८५६ साली चित्रात उतरवले होते आणि आजही लोक ते बघायला जातात. आम्हीही जाऊ. पण आईला मला तुझी गोष्ट सांगायची आहे, आणि ती तुझ्याखाली उभं राहूनच सांगायची आहे.

आईच्या परसात आंबा आहे, फणस आहे, आणि जुनं झाड जागचं हलवू नये यावर तिचा ठाम विश्वास आहे. तुझ्या बाबतीतही जाणकारांचं तेच म्हणणं होतं. तू पूर्वी हायाकावा शेतावर होतीस. तिथल्या शहरविकासामुळे तो परिसर सोडायची वेळ आली, आणि इतकी मोठी विस्टेरिया हलवायला कुणी धजेना. शेवटी जपानच्या पहिल्या महिला वृक्षवैद्य कोनामी त्सुकामोतो यांनी ते काम अंगावर घेतलं. त्यांनी जवळजवळ दोन वर्षं नुसती तयारी केली. मुळांभोवती खणून, ती टप्प्याटप्प्याने तोडून, कडेने नवी बारीक मुळं फुटायला वेळ दिला. विस्टेरियाचं खोड मऊ. दोर आवळले तर साल दुखावते आणि पुढे कुजते. म्हणून त्यांनी मोडलेल्या हाडाला घालतात ते प्लास्टर तुझ्या खोडाला गुंडाळलं. १९९६ च्या फेब्रुवारीत तू सुमारे वीस किलोमीटरचा प्रवास केलास, आणि पुढच्या वर्षी नव्या जागी बाग लोकांसाठी उघडली. हलवलं तेव्हा तुझा मांडव ७२ चौरस मीटरचा होता. आज तो सुमारे एक हजार चौरस मीटरवर पसरलाय, एका खोडावर. आई यावर काय म्हणेल मला माहीत नाही. ती खोडाला हात लावायला जाईल, आणि कठड्यापाशी तिला थांबवावं लागेल, एवढं मात्र नक्की.

आता यायचं कसं. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे कमीत कमी गाड्या बदलायच्या, हा माझा पहिला निकष. उएनोहून शिंकान्सेनने ओयामा, तिथून ऱ्योमो मार्गाची साधी गाडी, साधारण चाळीस मिनिटं. त्या गाडीचे दरवाजे बटण दाबल्यावर उघडतात. बाबांना ते काम फार आवडेल. २०१८ च्या एप्रिलपासून तुझ्या बागेच्या नावाचंच स्टेशन झालंय आणि उतरलं की पाच मिनिटांच्या आत फाटक येतं. पूर्वी तोमिता स्टेशनपासून चालत यावं लागे. म्हाताऱ्या माणसांना घेऊन येणाऱ्या आमच्यासारख्यांवर ते स्टेशन बांधणाऱ्यांचे उपकार आहेत. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी शिंकान्सेनमध्येच खाऊन घेऊ.

शनिवार-रविवार नको. आठवड्यातला मधला दिवस, आणि घरून दुपारी निघायचं. लोक सकाळी फाटक उघडायच्या आधी रांग लावतात, पण मला आईबाबांना उन्हाची आणि दिव्यांची, दोन्ही वेळा दाखवायच्या आहेत. दुपारी चारच्या उन्हात घोस वरून खाली कसे उमलत जातात ते नीट दिसतं. वरची फुलं पुरी उघडलेली, टोकाच्या कळ्या अजून मिटलेल्या. मोठे भुंगेही येतात. जपानी विस्टेरियाची मिटलेली पाकळी दाबून उघडण्याइतकं बळ त्यांच्यात असतं, म्हणून तुझं परागीभवन मुख्यतः त्यांच्या जोरावर चालतं. आई तिच्या परसातल्या भुंग्याला बरोबर ओळखेल. मग अंधार पडला की दिवे लागतात आणि खालच्या तळ्यात सगळा जांभळा रंग उतरतो. परतायला उशीर होईल, पण दुसऱ्या दिवशी दोघं झोपू देत हवं तेवढी.

आणि समजा, कितीही चौकशी केली तरी तुझा बहर हुकला, तर? मी आईबाबांना आधीच सांगून ठेवणार आहे की तुझ्या बागेत साडेतीनशे विस्टेरिया आहेत आणि त्या एकाच दिवशी फुलत नाहीत. आधी फिकट गुलाबी, मग तू आणि तुझ्या जांभळ्या बहिणी, मग पांढऱ्यांचा ऐंशी मीटरचा बोगदा, शेवटी मेमध्ये पिवळ्या लॅबर्नमचा. पूर्ण बहराचा एकच दिवस गाठायचा हट्ट मला पटत नाही. जो रंग चालू असेल त्याच्याखाली बसू, जांभळं आइस्क्रीम खाऊ, आणि बाकीच्या वेली बघत हिंडू. खरं सांगू, पांढरा बोगदा मला वैयक्तिक तुझ्याइतकाच आवडतो. रागावू नकोस.

तर आम्ही असं ठरवलंय: २० एप्रिलपासून पुढच्या दहा दिवसांतले कामाचे सगळे दिवस मोकळे ठेवायचे. मी ऑफिसात तसं सांगून ठेवलंय; रजा कुठल्या दिवशी ते त्याच सकाळी कळवेन म्हटलं, आणि वरिष्ठांनी मान्य केलं, कारण त्यांची आईही दरवर्षी तुझ्याकडे येते. रोज सकाळी मी बागेची खबर बघेन, बाबा विचारतील 'आज?', आणि ज्या दिवशी तू हो म्हणशील त्या दिवशी दुपारी आम्ही घरून निघू.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
निशिकासाईची एक सातारकर लेक