सिरका आणि माकूल

जपानला जाऊन आलो, तर स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न आला, "सर, तिकडं खाल्लं काय?" फुजी पर्वत आणि बुलेट ट्रेन नंतर. दुसरा प्रश्न आवाज जरा खाली आणून, "हलाल मिळतं का?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच दुकानात आहे, म्हणून त्या दुकानाबद्दलच लिहितो.

मी सोलापूरला उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. या पगारात टोकियो परवडत नाही. माझा मेहुणा तिथं सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिकिटं त्यानंच पाठवली. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना अम्मीजवळ ठेवून आम्ही नवरा-बायको दहा दिवस जाऊन आलो.

मेहुणा राहतो त्या भागाचं नाव निशी-कासाई. एदोगावा वॉर्डातला हा भाग आता भारतीयांचा म्हणूनच ओळखला जातो. संध्याकाळी स्टेशनबाहेर उभं राहिलं की तमिळ, तेलुगू, हिंदी आणि अधूनमधून चक्क मराठी कानावर येतं. योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ साली याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. मेहुण्यानं मला आणखी एक गोष्ट सांगितली. कासाई ही पूर्वी मच्छीमारांची वस्ती. समोरच्या उथळ खाडीत लोक नोरी, म्हणजे सुशीला गुंडाळतात ते समुद्री शेवाळ, पिकवायचे. मग शहर वाढलं, पाण्यात भराव पडला आणि त्यावर इमारती उभ्या राहिल्या. हे ऐकून माझी बायको म्हणाली, "म्हणजे हे हर्णैच होतं की." तिचं माहेर हर्णैजवळ. तिला जगातलं कुठलंही समुद्राकाठचं गाव आधी हर्णै वाटतं.

इथं थोडं मसलकाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही सोलापूरकडचे हनफी, बायको कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई. नमाजमध्ये हात कुठं बांधायचे इथपासून बारीकसारीक फरक आहेत, त्यावरून आमच्या घरात कधी वाद झाला नाही. फरक पडतो तो ताटात. शाफईंकडे समुद्रातलं जवळपास सगळं चालतं. खेकडे, माकूल, तिसऱ्या, कालवं, सगळं. हनफींकडे फक्त मासा. कोळंबी मासा आहे की नाही यावरच आमच्या उलेमांचं एकमत नाही. मी कोळंबी खातो, अम्मी खात नाही.

दुकान मेहुण्याच्या इमारतीपासून चालत पाच मिनिटांवर. बाहेर निळा कापडी पडदा, तो हातानं बाजूला सारून आत वाकायचं. आत लाकडी काउंटर, त्याला नऊ खुर्च्या, मागं बसायला दोन टेबलं. काउंटरवर काचेची लांबट पेटी, तिच्यात बर्फाच्या गारव्याला माशाचे तुकडे मांडलेले. पलीकडे सत्तरीचे मालक, त्यांना सगळे ताइशो म्हणतात. त्यांची बायको चहा देते आणि पैसे घेते. दुपारचं साधं ताट साधारण हजार-बाराशे येनला, म्हणजे आपले सहा-सातशे रुपये. बाजूला एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत जेवत होते. सुशी म्हणजे बड्या हॉटेलातलं महागडं प्रकरण अशी माझी समजूत होती. हे आपल्याकडच्या खानावळीसारखं निघालं.

मेहुणा चार वर्षांपासून इथला गिऱ्हाईक. पहिल्याच भेटीत त्यानं ताइशोंना सांगून ठेवलं होतं की दारू चालत नाही, स्वयंपाकातलीसुद्धा नाही. जपानी स्वयंपाकात ती कुठं कुठं असते हे ऐकून मी थक्क झालो. अंड्याच्या गोडसर वडीत मिरिन नावाची गोड दारू. माशावर ब्रशनं लावायच्या सॉसमध्ये मिरिन आणि साके दोन्ही. सोया सॉस आंबवलेला, त्यात आंबताना थोडं अल्कोहोल आपसूक होतं, काही बाटल्यांत टिकण्यासाठी वरून घालतात. त्यामुळं मेहुणा आला की ताइशो सॉसची वाटी उचलून ठेवतात आणि मीठ आणि लिंबाची फोड पुढं करतात. चार वर्षांत एकदाही आठवण करून द्यावी लागली नाही, असं मेहुणा म्हणाला.

पण सुशीत सगळ्यात महत्त्वाचा मासा नव्हे, भात. गरम भातात सिरका, मीठ, साखर घालून तो कालवतात. ताइशोंनी आमच्यासाठी सिरक्याची बाटली काउंटरवर आणून ठेवली आणि मागच्या लेबलावर बोट ठेवलं. घटक एकच होता, तांदूळ. मी खूश झालो. सिरक्याची तर हदीसमध्ये तारीफ आहे. बिस्मिल्लाह म्हणून हात पुढं करणार, तेवढ्यात बायकोनं भावाला विचारलं, "तांदळाचा सिरका करतात कसा?"

मेहुण्याचा चेहरा शाळेत गृहपाठ न केलेल्या पोरासारखा झाला.

करतात असा. तांदळाची आधी दारू होते. मग तिच्यात जुना सिरका विरजणासारखा घालून मुरवतात. सुशीच्या इतिहासातही ही भानगड आहेच. १८०४ साली हांडा गावच्या नाकानो माताझाएमोन नावाच्या साके बनवणाऱ्यानं साके गाळून उरलेल्या चोथ्यापासून सिरका करायला घेतला. पुढं तो सिरका एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, गाड्यांवर सुशी विकणाऱ्यांकडे पोचला. फार पूर्वी सुशी म्हणजे मीठ लावलेला मासा भातात दाबून महिनोन् महिने आंबवायचा. सिरका आला आणि आंबट भात घटकाभरात मिळायला लागला. थोडक्यात, सिरका नसता तर ही झटपट सुशी नसती आणि दारू नसती तर सिरका नसता.

आता मसला असा. दारूचा सिरका आपोआप झाला, तर तो सगळ्यांकडे पाक. माणसानं त्यात काही घालून मुद्दाम केला, तरी हनफींकडे तो हलाल. शाफईंच्या जुन्या कितबांत मात्र तो पाक होत नाही. आजच्या कारखान्यातल्या सिरक्याबद्दल त्यांच्या उलेमांतही वेगवेगळी मतं आहेत. आदल्या दिवशी आम्ही जुम्म्यासाठी योयोगी-उएहाराच्या तुर्की मशिदीत गेलो होतो, ओतेमाचीला गाडी बदलून. मेहुणा म्हणाला, "तिथंच विचारलं होतं, आपा. दोघांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली. पहिलं वर्ष मी भाताला हात लावला नाही. आता खातो."

ही बाई भावाला आता काहीतरी बोलणार असं मला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "तू इथं राहतोस, तू विचारून ठरवलंयस. मी चार दिवसांची पाहुणी. मला साधा भात सांग."

ताइशोंच्या बायकोनं वाडग्यात वाफाळता पांढरा भात आणला. मग गंमत सुरू झाली. ताइशो एकेक घास वळून काउंटरवर ठेवत होते आणि आमची दोन ताटं दोन दिशांना चालली होती. चॉपस्टिकचा मी घरी तीन दिवस सराव केला होता, तो वाया गेला, कारण सुशी हातानं खायलाही हरकत नसते. भातात बोटं घालून जेवणाऱ्या माणसाला एवढं ऐकल्यावर किती मोकळं वाटतं! पहिला आला आजी नावाचा मासा, वर किसलेलं आलं. तो दोघांनी खाल्ला, मी भातासकट, तिनं नुसता. मग आला साबा. साबा म्हणजे बांगड्याचा भाऊबंद, अंगावरची ती निळी-काळी नक्षी बघून बायको पुढं वाकली. पण कच्चा बांगडा लवकर खराब होतो म्हणून त्याला आधी मीठ लावून सिरक्यात बुडवतात. तिनं मान हलवली. बांगड्यावर जीव असलेल्या बाईपुढून बांगडा उचलून मी, चिलापी खाऊन वाढलेल्या माणसानं, तोंडात टाकला. तोंडी लावायचं गुलाबी आलंसुद्धा सिरक्यातलंच. तेही माझ्या वाट्याला आलं.

मग पांढरट, जवळजवळ आरपार दिसणारा एक तुकडा आला. त्यावर सुरीनं बारीक रेघा मारलेल्या. वर मिठाचे दोन-चार खडे आणि लिंबाचा थेंब. मेहुणा मला म्हणाला, "दुलाभाई, हे तुमचं नाही." आणि तो तुकडा बहिणीकडे सरकवला. जपानी नाव इका.

बायकोनं तो तोंडात घातला, दोनदा चावला आणि थांबली. मग भावाकडे बघून म्हणाली, "माकूल."

पुढची दहा मिनिटं मी त्या दुकानात नसल्यासारखाच होतो. ती भावाला दुभाष्या करून ताइशोंना विचारत होती. शाईची पिशवी कशी काढता? आतलं ते पारदर्शक पातं एका झटक्यात येतं का? वरची साल पुसून काढता की ओढून? ताइशो सुरी खाली ठेवून हवेतच हातवारे करून दाखवत होते, आणि ती "असंच, अगदी असंच, आमची आई असंच करते" म्हणत होती. मग उकडलेल्या खेकड्याची नांगी आली. पाठोपाठ सूपचं वाडगं, त्यात तळाशी तिसऱ्या, शिंपल्यांची तोंडं उघडलेली. तिनं एक शिंपली उचलून बोटानं गर काढला. तो कसा काढायचा हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. इतकं बोलताना आणि इतकं खाताना मी तिला आमच्या घरात कधी पाहिलेलं नाही.

ताइशोंना कोडं पडलं. दोघं नवरा-बायको, धर्म एक, मग एकाला भात चालतो आणि दुसरीला खेकडा, हे कसं? मेहुण्यानं समजावलं. ताइशो मोठ्यानं हसले आणि मागं बायकोकडे बोट करून काहीतरी बोलले. ती ओसाकाची. तिकडं सूप फिकट, इकडं गडद. चाळीस वर्षं ती म्हणतेय की तुमच्या टोकियोचं सूप म्हणजे नुसता सोया सॉस. बाईंनी आतून उत्तर दिलं, ते मेहुण्यानं भाषांतर करून सांगितलं नाही.

मी पण हसलो. पण माझं लक्ष माझ्या ताटावर नव्हतं.

आमच्या निकाहला तेव्हा सात-आठ महिने झाले असतील. तिचा मोठा भाऊ हर्णैहून आला होता, बर्फात घालून कुर्ल्या आणि माकूल घेऊन. तिनं सकाळपासून वाटण वाटून, कोकम घालून, मोठ्या पातेल्यात सार केलं. अम्मी शेजारी गेली होती. परत आली, वास आला, झाकण उघडलं. ओरडली वगैरे नाही. पातेलं अंगणात नेऊन ठेवलं आणि म्हणाली, "ये बर्तन अब अंदर नक्को." दोन दिवस ते तिथंच राहिलं. तिसऱ्या दिवशी भंगारवाल्याला दिलं. ते पातेलं बायकोच्या रुखवतातलं होतं.

मी तेव्हा नुकताच बीएड होऊन नोकरीला लागलो होतो. चार इमाम, चार मसलक, चौघंही हकवर, हे मी मुलांना तक्त्यासकट समजावून सांगायचो. अम्मीला मात्र एक वाक्य बोललो नाही. बायकोलाही नाही. ती मागच्या दारी हात धूत होती आणि मी पेपर वाचत बसलो होतो. याला एकोणीस वर्षं झाली. त्यानंतर आमच्या घरात माकूल आलं नाही, तिनं मागितलंही नाही. मला वाटायचं, तिला त्याची आठवणच राहिली नाही. आमच्या दोन्ही मुलांना खेकडा ठाऊक आहे तो विज्ञानाच्या पुस्तकातला.

मेहुणा पैसे द्यायला उठला तेव्हा मी तिला हळूच म्हणालो, "ते पातेलं..."

तिला लगेच कळलं. म्हणाली, "पितळी होतं. आईनं मुंबईहून आणवलं होतं."

"मी बोलायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. मग माझ्या ताटात उरलेल्या शेवटच्या घासाकडे बघून, "संपवा तो. ते बघतायत."

ताइशो खरंच बघत होते.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या पगाराला मी मधल्या मारुतीजवळच्या भांड्यांच्या दुकानात गेलो. पितळी घेतलं, तिच्या आठवणीतलं होतं साधारण तेवढं, कल्हई करून. घरी आणलं तर अम्मी दारातच बसली होती. आता तिला नीट दिसत नाही, तिनं हात फिरवून बघितलं. "ये पतेली कायकू लाया रे?"

मी सांगितलं कशाला ते. टोकियोचं, सिरक्याचं, सगळं सांगितलं. तिनं मध्ये अडवलं नाही. मग ती भिंतीला धरून उठली, पातेलं आत घेऊन गेली आणि फळीवर ठेवलं, बाकीच्या भांड्यांपासून वीतभर लांब.

बायकोनं ते अजून तिथून हलवलेलं नाही. तिचा मोठा भाऊ दिवाळीच्या सुट्टीत येणार आहे.