मामांचा भरलेला रोल

माझे आजोळ दिग्गीचे. जोयडा तालुक्यातल्या दाट रानात वसलेले हे गाव. काळी नदीचा उगम याच परिसरातला. पावसाळ्यात तिथे कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी धरते. अशा हवेत एक पत्र्याचा डबा मामींनी ट्रंकेच्या तळाशी जवळजवळ पन्नास वर्षे जपून ठेवला होता. गेल्या वर्षी तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

आत कृष्णधवल फिल्मचे दोन रोल होते. एक कोरा, दुसरा भरलेला. कागदाच्या टोकावरच्या छापावरून ते कळत होते. “सासूबाईंचे फोटो काढले होते त्यांनी. रोल धुवायला द्यायचा राहूनच गेला,” मामी म्हणाल्या. मामा आता नाहीत, आणि माझ्या आजीचे एकही छायाचित्र आमच्या घराण्यात नाही.

मला या छंदाची थोडीफार माहिती. जुना रोल धुण्यापूर्वी त्याचे वय ठाऊक असावे लागते. मुदतीची तारीख खोक्यावर छापलेली असते, आणि खोकी केव्हाच गेली होती. कागदावर ‘ऑर्वो एनपी 22’ ही अक्षरे मात्र वाचता येत होती. पूर्व जर्मनीतल्या वोल्फेन येथील कारखान्याने हे नाव 1964 साली घेतले, आणि तो देशच 1990 मध्ये संपला. सव्वीस वर्षांचा हा पल्ला मामींनी क्षणात आवळला. मामांनी कॅमेरा घेतला तो नोकरी लागल्यावर, 1974 साली. आजी गेली 1979 च्या पावसाळ्यात. “सुपे अजून धरणाच्या पाण्याखाली गेले नव्हते,” असेही त्या म्हणाल्या. जे कारखान्याच्या इतिहासाने सांगितले नाही, ते घरच्या माणसाच्या आठवणीने सांगितले.

फिल्मवरील चांदीचे क्षार वयानुसार मंदावतात. शिवाय प्रकाश न लागताही हळूहळू काळे पडू लागतात. दर दहा वर्षांमागे प्रकाश दुप्पट द्यावा, असा छांदिष्टांचा ठोकताळा आहे. या फिल्मची मूळ गती 125. पाच वेळा निम्मी केली की ती चारावर येते. परंतु हा उपाय कोऱ्या फिल्मपुरता. भरलेल्या रोलला आज अधिक प्रकाश कुठून देणार? मामांनी त्या दिवशी जेवढा दिला तेवढाच, आणि त्याची खूणही वर्षागणिक पुसट होत जाणारी. माझ्या हाती उरले होते फक्त धुणे, आणि तेही एकदाच.

म्हणून कोरा रोल परीक्षेला बसवला. एका स्नेह्याचा कॅमेरा तिकाटण्यावर लावून ओसरीवर बसलेल्या मामी, अंगणातली तुळस, गोठा आणि घरामागचे रान, अशा चार दृश्यांची प्रत्येकी तीन छायाचित्रे घेतली. गती बारा, सहा आणि तीन धरून. मग अंधाऱ्या खोलीत रोलचे चार तुकडे केले व प्रत्येक निराळ्या रीतीने धुतला. पहिला तुकडा कोळशासारखा काळा निघाला. चौथ्यात, धुण्याची वेळ कमी करून द्रावणात थोडे पोटॅशियम ब्रोमाइड घातल्यावर, धुके बरेच हटले आणि रान दिसू लागले.

त्याच रीतीने मामांचा रोल धुतला. हात थरथरत होते हे कबूल करतो. बारांपैकी नऊ चौकटी नुसत्या करड्या. दोहोंत झाडे असावीत. एका चौकटीत ओसरीच्या खांबाशी एक बाई उभी होती, कमरेवर हात ठेवून. दमट हवेने कागदावरचा ‘7’ हा आकडा फिल्मवर उमटला होता, नेमका तिच्या चेहऱ्यावर. नाकडोळे काही दिसेनात.

मोठी प्रत काढून दिग्गीला नेली. वाटेत मन खट्टू होते. मामींनी चष्मा लावला आणि पुष्कळ वेळ पाहिले. “याच त्या. मी पाणी घेऊन यायला उशीर केला की अशाच उभ्या राहायच्या,” असे म्हणून त्या हसल्या, आणि मग पदराने डोळे पुसले. आकडा संगणकावर पुसून घेता येईल, असे मी सुचवले. “त्याखाली चेहरा आहे का?” त्यांनी विचारले. नाही, म्हणालो. “मग राहू दे.”

आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा न धुतलेला रोल असेल. तो कोरड्या, थंड जागी ठेवावा. आणि मुख्य म्हणजे, तो कधीचा आणि त्यात कोण आहे, हे ज्यांना आठवते त्यांना आजच विचारून कागदावर लिहून ठेवावे. मामींचे वय आता ब्याऐंशी आहे. मी आणखी पाच वर्षे थांबलो असतो, तर ती बाई कोण हे मला कोणी सांगितले असते?