ओपाचा माळ

आमच्या उत्तर सोलापूर तालुक्यात माळ म्हणजे काहीच नसलेली जागा. "तिकडं काय पिकतंय?" असं कुणी विचारलं आणि "माळ हाय" म्हणलं, की पुढचा माणूस दुसरा विषय काढतो. वीतभर मुरूम, त्याखाली पाषाण, वर कुसळी गवत, तरवड आणि बोरीची झुडपं. असा सहा एकर माळ आमच्या वाटणीला आलेला आहे. त्याचं काय करायचं यावरून घरात तीन वर्षं बोलणं चाललं होतं. धाकटा भाऊ म्हणायचा, जेसीबी लावू, माळ सपाट करू, तलावातला गाळ आणून टाकू आणि द्राक्षं लावू. आमच्या भागात द्राक्षाचं वेड जुनं. सोनाका जात नानासाहेब काळ्यांनी इथंच, नान्नजला शोधली. मुलगा पैसे घालायला तयार. मी नको म्हणत नव्हतो, आणि हो पण म्हणत नव्हतो.

त्यातच मुलानं नेदरलँडला बोलावून घेतलं. तो आइंडहोवनला असतो, चिपा तयार करायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत. त्या गावात अशी मराठी पोरं पुष्कळ आहेत. सून, मुलगा दिवसभर कामावर. नातवाची शाळेला सुट्टी. चार दिवसांत मला घर खायला उठलं, तेव्हा मुलानं कुठून तरी सायकल आणून दिली.

सायकल मला नवी नाही. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून मी सोळा वर्षं सोलापूरला रतीब घातलेला आहे. पण तिकडच्या सायकलीला हाताला ब्रेक नव्हता. पायडल उलटं मारलं की गाडी थांबते. आपल्याकडं उलटं पायडल मारायची सवय असते ना, तशी मी उतारावर एकदा मारली आणि जागच्या जागी उभा राहिलो. नातू पोट धरून हसला.

शेजारी एक म्हातारा राहतो, पंचाहत्तरीचा. जन्म शेतकऱ्याच्या घरातला, पुढं नोकरी केली. नातू त्याला ओपा म्हणतो. ओपा म्हणजे त्यांच्या भाषेत आजोबा. मला घरात सगळे आप्पा म्हणतात. तर आप्पा, ओपा आणि मधे दुभाषी म्हणून अकरा वर्षांचं पोरगं, असे आम्ही ऑगस्टात एका सकाळी निघालो. जायचं होतं स्ट्राब्रेख्त्से हैडे नावाच्या राखीव रानात. नाव तोंडात बसायला मला दोन दिवस लागले. जाऊन येऊन चाळीसेक किलोमीटर.

वाट विचारायची गरजच पडत नाही. दोन वाटा मिळतात तिथं खांबावर आकडा असतो आणि पुढच्या आकड्याकडं जायचा बाण. घरून निघताना पाच-सहा आकडे कागदावर लिहून घ्यायचे, बस. ओपानं सांगितलं, ही युक्ती शेजारच्या बेल्जियममधल्या हुगो बोलेन नावाच्या खाणीतल्या इंजिनिअरची. कोळशाच्या खाणीत जमिनीखाली बोगदे एकमेकांना मिळतात तिथं नंबर टाकलेले असायचे, तेच त्यानं वर सायकलवाल्यांसाठी आणलं. १९९५ मध्ये पहिलं जाळं झालं, मग सगळ्या हॉलंडभर पसरलं. दहावी शिकलेल्या माणसाला परक्या मुलखात कुणाच्या तोंडाकडं न बघता फिरता येतं, ही मला लई मोठी सोय वाटली.

हेझे गाव मागं टाकलं की झाडी लागते. पाइनची झाडं. उंच, सरळ आणि पाभरीनं पेरल्यासारखी ओळीत. मी नातवाला म्हणलं, विचार बरं, एवढं जंगल कसं राखलं? त्यानं विचारलं. उत्तर आलं, "आप्पा, ओपा म्हणतात हे जंगल नाही, हे पीक आहे." पूर्वी इथं सगळा उघडा माळ होता. खाली लिंबर्गमध्ये कोळशाच्या खाणी निघाल्या, तिथं छताला टेकू द्यायला लाकूड लागायचं, म्हणून माळावर पाइन लावला. १९७४ ला शेवटची खाण बंद झाली. झाडं उभी राहिली. म्हणजे वाट दाखवणारे आकडे पण खाणीतले आणि सावली पण खाणीचीच.

झाडी संपली आणि समोर एकदम मोकळं झालं. मी पायडल उलटं मारून थांबलोच.

नजर जाईल तिथपर्यंत माळ. गुडघ्याएवढं झुडूप, हेदर म्हणतात त्याला, आणि सगळं फुलावर. रंग वांग्याच्या फुलाचा. वाऱ्याबरोबर मधाचा वास. एका कडेला मधमाश्यांच्या पेट्या मांडलेल्या, आपल्याकडं सूर्यफुलात ठेवतात तशा. मी सायकल आडवी करून माती मुठीत घेतली. नुसती वाळू. करडी, हलकी, ओल धरायची ताकद नाही. असल्या जमिनीत आमच्याकडं कुणी मटकी पण टाकणार नाही.

ओपा शेजारी येऊन बसला आणि त्यानं जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत उतरून ठेवलं. त्याच्या आजा-पणज्याच्या काळी हा माळ गावाच्या सगळ्यांचा होता, आपल्या गायरानासारखा. दिवसा मेंढरं चरायची. माणसं कुदळीसारख्या अवजारानं हेदरचा थर मुळासकट खरवडून न्यायची, गोठ्यात गुरांखाली अंथरायची. शेण-मूत त्यात मुरायचं. मग ते शेतात. शेकडो वर्षं हे चाललं. त्यानं काही शेतं मीटरभर उंच झाली आणि माळ मात्र जन्मभर उपाशी राहिला. तो उपाशी राहिला म्हणून तर हेदर टिकलं, कारण हेदरला खाणंच कमी लागतं. पुढं पोत्यातलं खत आलं आणि माळाची गरज संपली. मग कुठं नांगर फिरला, कुठं पाइन लागला. उरला त्यातला मोठा तुकडा हा, सुमारे दीड हजार हेक्टरचा.

मी त्याला सांगितलं, आमच्यात अजून मेंढरं शेतात बसवतात. धनगराचा वाडा रात्रभर रानात बसला की लेंडीखत आणि मूत जागच्या जागी पडतं, त्याचे आम्ही धनगराला पैसे देतो. नातवानं हे कसं सांगितलं कोण जाणे, पण ओपानं दोनदा विचारून घेतलं, रात्रीच बसवतात का, कुत्री असतात का.

तोच पुढं मेंढरं दिसली. पांढरी, बिनशिंगाची, उंच पायांची. आमच्या काळ्या दख्खनी मेंढरापुढं परदेशी पाहुणीच. मेंढपाळ काठी टेकून उभा. त्याला हा माळ चारून द्यायचे पैसे मिळतात. मेंढरानं कोवळे फुटवे खाल्ले नाहीत तर बर्च आणि पाइन उगवून माळ बुजून जाईल. आमचा धनगर चारायला आला तर शिव्या खातो. हा चारतो म्हणून पगार घेतो.

माळाच्या पूर्वेला ब्योवेन नावाचं तळं आहे. उथळ, काठाला वाळू, पाणी चहाच्या पाण्यासारखं तांबूस. नदी नाही, नाला नाही, पावसाचं साठलेलं. तिथं लाकडी बाकावर बसून आम्ही सुनेनं दिलेल्या दशम्या आणि शेंगाचटणी खाल्ली. ओपानं चटणी चिमटीनं घेतली, मग पाणी प्याला, मग परत घेतली.

या तळ्याची गोष्ट ऐकून मात्र मी सटपटलो. मधल्या काळात भोवतालच्या शेतातलं पाणी ओढ्यानं या तळ्यात यायला लागलं. खताचं पाणी. तळ्यात गाळ साठला, वेत-लव्हाळं माजलं. तेव्हा १९८० नंतरच्या दहा वर्षांत त्यांनी ओढ्याचं पाणी बाजूला वळवलं आणि तळ्यातला गाळ काढून टाकला. तळं पुन्हा गरीब केलं! त्यावर नाहीशी झालेली पांढऱ्या फुलांची पाणवनस्पती परत उगवली.

मी नातवाला म्हणलं, परत विचार, गाळ काढला का घातला? "काढला, आप्पा." गाळानं सुपीक होतं म्हणून आम्ही तलावातला गाळ ट्रॅक्टरनं माळावर वाहतोय. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार, सरकारचीच योजना आहे, आणि चांगली योजना आहे. आणि हे लोक सुपीक झालं म्हणून रडतायत.

त्यांचं रडणं खोटं नाही. सोमरनकडं नजर टाकली की डुकरांचे लांबलचक गोठे दिसतात. गोठ्यातल्या मलमूत्राचा अमोनिया हवेत जातो आणि माळावर उतरतो. फुकटचं खतच ते. त्यानं गवत माजतं आणि हेदरला दाबून टाकतं. म्हणून काही ठिकाणी मशिननं वरचा थर खरवडून काढतात. जे काम पणजा शेतासाठी करायचा ते आता माळासाठी करतात. २०१९ च्या मे महिन्यात तिथल्या वरिष्ठ कोर्टानं निकाल दिला आणि नवीन गोठ्यांचे परवाने अडले. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगला गेले. सरकार पैसे देऊन गोठे बंद करायला निघालं. ओपाचा पुतण्या डुकरं पाळतो. ओपा म्हणाला, "सणाला एका टेबलावर जेवतो, पण हा विषय काढत नाही." हे नातवानं मराठीत सांगितलं तेव्हा मला आमचा भाऊ आठवला.

शेतकऱ्याची बाजू मला कळते. आमच्या भागात १९७९ ला माळढोक अभयारण्य झालं, त्याची हद्द ८,४९६ चौरस किलोमीटर धरली होती. त्यात गावंच्या गावं, तालुकेच्या तालुके. पुढं ती १,२२२ वर आणली. तोवर पाखराचं नाव काढलं की माणसं चिडायची. पण पाखराचं पण खरं होतं. माळढोक बहुतेक वेळा एकच अंडं घालतो, ते पण उघड्या जमिनीवर, आणि त्याला लांबवर दिसणारा माळ लागतो. पडीक म्हणून माळावर झाडं लावली तरी तो जातो आणि द्राक्षाचे मांडव केले तरी जातो. माझ्या लहानपणी आमच्या माळावर माळढोक मी गुरं राखताना पाहिलेला आहे. खोकड आणि लांडगा तर अजून आहेत.

परतताना वारा तोंडावर होता. त्या देशात चढ नाही, पण वारा हाच चढ. नातू पुढं, मधे मी, मागं ओपा. एका वळणावर ओपानं नातवाकरवी विचारलं, तुमच्या माळाची माती किती खोल? मी हाताची वीत दाखवली. तो हसून म्हणाला, "श्रीमंत आहात."

ऑक्टोबरात परत आलो. भाऊ आणि मी टेप घेऊन माळावर गेलो. ओढ्याच्या बाजूचे दोन एकर, जिथं मुळातच थोडी माती आहे, तिथं गाळ टाकायचं ठरवलं आणि टाकला पण. वरचे चार एकर तसेच. भावाला हे पटलेलं नाही, तो मोजून बोलतो. त्याचा हिशेब चुकीचा नाही, चार एकर द्राक्षाचे पैसे मलाही मोजता येतात. दोघांचं वय होईस्तोवर यावर तो बोलत राहील.

दिवाळी झाल्यावर मेंढरांचा वाडा आला. दिवसा वरच्या माळावर चरली, चार रात्री खालच्या दोन एकरांत बसवली. धनगर म्हणाला, "वरचं चारायला दिलंत, बसवायचं निम्मंच द्या." नातवाला फोनवर मेंढरं दाखवली. त्यानं कुत्री मोजली, तीन भरली, आणि ओपाला सांगतो म्हणाला.