सिस्टरांचं देणं

रुग्णालयाच्या आवारात बाग कशी करावी, हे मला ज्यांनी शिकवलं त्यांनी स्वतः कधी बाग केलेली नव्हती. मणक्याला इजा झालेल्यांच्या वॉर्डच्या त्या इनचार्ज सिस्टर होत्या. लँडस्केप आर्किटेक्चरची पदवी मला कॉलेजनं दिली. खाटेवरचा माणूस झाडाखाली आणायचा तर काय काय लागतं, ते मात्र सिस्टरांकडून मिळालं, आणि त्याची फेड मला अजून जमलेली नाही.

त्यांच्या वॉर्डामागे एक ओसाड अंगण होतं. एका कडेला द्रव ऑक्सिजनची टाकी, दुसऱ्या कडेला लाँड्री, मधून ॲम्ब्युलन्सची वाट. बाग तिथंच करायची होती आणि रुग्णालयाचं काम एक तासही थांबणार नव्हतं. मी मोजमापाची टेप काढली, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "आधी झोपा." म्हणजे स्ट्रेचरवर. मानेला कॉलर बांधली आणि वॉर्डबॉय मामांनी मला लिफ्टमधून, उंबऱ्यावरून, शहाबादी फरशीवरून अंगणात नेलं. फरशीच्या प्रत्येक सांध्याला दणका बसत होता. "तुम्हाला नुसता हादरा बसला. यांचे पाय आपोआप ताठरतात, स्पॅझम येतो," सिस्टर म्हणाल्या. ऊन सरळ डोळ्यांत येत होतं आणि मान वळवायची सोय नव्हती.

झाडाची खालची बाजू मी तेव्हापासून काढू लागले. उताण्या माणसाच्या वाट्याला फुलांचे ताटवे येत नाहीत. त्याला दिसतात फांद्यांचं जाळं, पानांची पाठ आणि मधून डोकावणारं आभाळ. त्यातच मानेपाशी मणका दुखावला असेल तर त्याखालच्या शरीराला नीट घाम येत नाही, ते स्वतःला थंड ठेवू शकत नाही. एप्रिलच्या दुपारी अशा माणसाला दाट सावली औषधाइतकीच लागते. आम्ही बकुळ आणि कडुनिंब निवडले. वाटेचा थर सलग, सांध्याशिवाय टाकला. चढाला एकास बाराचं प्रमाण नियमात बसतं, पण हात नुकते सावरू लागलेल्यानं स्वतः खुर्ची ढकलायची म्हणजे तेही जड जातं, म्हणून एकास वीस धरलं.

रॉजर उलरिच यांचा 1984 सालचा तो प्रसिद्ध अभ्यास मी सिस्टरांना मराठीत समजावून सांगितला होता. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले 46 रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीबाहेर झाडं होती, निम्म्यांच्या खिडकीबाहेर विटांची भिंत. झाडांना पालवी असते त्याच महिन्यांतल्या नोंदी उलरिच यांनी घेतल्या. झाडं दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. सिस्टर मन लावून ऐकत होत्या, पण त्यांचे डोळे चमकले ते दुसऱ्याच तपशिलानं. रुग्ण रडतो आहे, त्याला फार धीर द्यावा लागतो, अशा, परिचारिकांनी लिहून ठेवलेल्या शेऱ्यांचाही त्या अभ्यासाला आधार होता. "म्हणजे आमचं लिहिलेलं कुणीतरी वाचलं!" त्या म्हणाल्या. रात्रपाळीत डोळे चोळत लिहिलेल्या नोंदींवर हे सगळं शास्त्र उभं राहिलं, ही गोष्ट बाई मनापासून सांगत राहिल्या, नव्या परिचारिकांनासुद्धा.

इंग्लंडमधल्या सॉल्सबरीची हकीकतही त्यांना फार आवडायची. होरेशिओ चॅपल हा मुलगा तिथल्या मणक्याच्या विभागात स्वयंसेवक म्हणून जायचा. वडील तिथंच सर्जन. रुग्णांसाठी बाग व्हावी असं त्याच्या मनात होतं, आणि ती कशी हवी हे त्यानं प्रश्नावली करून रुग्णांनाच विचारलं. 2011 साली स्वालबार्डमध्ये ध्रुवीय अस्वलाच्या हल्ल्यात तो गेला, 17 वर्षांचा. पुढच्याच वर्षी त्याच्या नावानं बाग उघडली. क्लीव वेस्ट यांनी केलेल्या त्या रचनेत पाठीच्या कण्याची आठवण देणाऱ्या बुटक्या दगडी भिंती आहेत आणि भेटायला आलेली माणसं त्यांच्यावर बसतात. अशा बागा नंतर इतर शहरांतही झाल्या. सिस्टर एवढंच म्हणायच्या, "पोरानं आधी विचारलं."

आमच्याकडे विचारायला गेलं की नातेवाईक पुढे येतात. ते परदेशी पुस्तकांत फारसे भेटत नाहीत. रुग्ण आत असतो, आणि बाहेर झाडाखाली त्याची आई, बायको, भाऊ दिवसेंदिवस राहतात, डबा खातात, तिथंच निजतात. त्यांना हटवायला कुंपण घालणारी बाग मला क्रूर वाटते. सिस्टरांनी नळ, पाठ टेकता येईल असे रुंद कट्टे आणि कपडे वाळवायला आडोसा मागितला, आणि ते सगळं मिळेपर्यंत त्या प्रशासनाच्या मागे लागल्या.

काम चालू असताना वेळापत्रक त्यांचंच होतं. डॉक्टरांचा राउंड आणि दुपारची झोप या वेळांत कटर बंद. माती खणताना आधी पाणी मारायचं आणि पडदा बांधायचा, कारण धुळीतून उडणारे बुरशीचे बीजकण प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णांच्या फुप्फुसात जातात. ऑक्सिजनच्या टाकीभोवती डांबर नाही, पालापाचोळा नाही. सप्तपर्णी तर आवारातच नको, तिच्या उग्र वासानं दमेकऱ्यांना त्रास होतो असं त्यांचं म्हणणं होतं. कारंजं मी सुचवलंच नव्हतं, तरी त्यांनी बजावून ठेवलं: साचलेलं पाणी म्हणजे डास.

आता सिस्टर निवृत्त होऊन साताऱ्याकडे राहतात. रुग्णालयाचं नवं काम आलं की नकाशा आधी त्यांच्या व्हॉट्सॲपवर जातो. नुकतंच एका अतिदक्षता विभागाचं अंगण पाठवलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "कडुनिंबाखाली प्लग पॉइंट दोनच दिसतायत गं. व्हेंटिलेटर, सक्शन आणि मॉनिटर, तीन तरी हवेत. आणि बोर्ड पाण्यापासून वर घे, पावसाळ्यात पण माणसं बाहेर येतील." मी इलेक्ट्रिकलवाल्यांना त्याच रात्री कळवलं. बोर्ड आता हातभर वर आहे, आणि त्यावर पत्र्याची टोपी घालायची आहे.