आंबटाशी गाठ शेवटी

चि. मुग्धास,

माचाचा डबा भेसळीचा निघाला, लिंबू पिळल्यावर पेला शेवाळी झाला, आता याहून महागातला मागवते, हा तुझा निरोप वाचला आणि रागच आला. डब्याचा नव्हे, तुझा. ज्या घरात अळूच्या भाजीत चिंच कधी घालायची यावरून दोन-दोन दिवस अबोला चालायचा, त्या घरातल्या मुलीने हिरव्या पानाला आंबट लागलं की काय होतं हे विसरावं? माचा म्हणजे चहाचं पानच, दळलेलं. त्याचा हिरवेपणा हरितद्रव्याचा, आणि त्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. आम्ल आलं की तो निसटतो, त्याच्या जागी हायड्रोजन येतो आणि हिरव्याचं मातकट होतं. गरम असेल तर हे झपाट्याने होतं, गार असेल तर सावकाश. तू कढत पाण्यात माचा घुसळलास, त्यातच अख्खं लिंबू पिळलंस आणि बर्फ सगळ्यात शेवटी टाकलास. रंग घातलेली पूड असती तर कदाचित लिंबालाही दाद न देता हिरवीगार राहिली असती. म्हणजे ज्याला तू भेसळीचा पुरावा म्हणतेस, तो खरं तर पान अस्सल असल्याचाच पुरावा ठरू शकतो.

माझं म्हणणं तुला पाठ आहे, तरी पुन्हा ऐक. पदार्थ बिघडतो तो जिन्नसामुळे कमी आणि क्रमामुळे जास्त. क्रम चुकला की आपण दुकानदाराला शिव्या देतो आणि आणखी पैसे मोजतो. हाच डबा घे. दोन ग्रॅम माचा, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, बारीक गाळणीतून चाळून घे. तो पाण्यात विरघळत नाही, नुसता तरंगत राहतो. म्हणून चाळला नाही तर गुठळ्या दाताखाली येणारच. उकळलेलं पाणी पाचेक मिनिटं निवू दे, पाऊणशे-ऐंशी अंशांवर आलं की साठ-सत्तर मिलिलिटर घालून घुसळ. बांबूची घुसळणी, म्हणजे चासेन, नसली तर घट्ट झाकणाच्या बरणीत गार पाणी घालून हलवलंस तरी चालेल, आणि आंबटासाठी तेच अधिक बरं. पेल्यात आधी संत्र्याचा किंवा मोसंबीचा रस, त्यावर गच्च बर्फ, आणि अगदी शेवटी बर्फावरून माचाची बारीक धार. रसात साखर असते, त्यामुळे तो जड. खाली राहतो आणि हिरवं वर तरंगतं. ढवळायचं ते तोंडाला लावताना. लिंबूच हवं असेल तर अर्ध्या फोडीवर थांब, कारण संत्र्यापेक्षा लिंबू कितीतरी जास्त आंबट.

रंगाचं एवढं काय, पोटात गेल्यावर सगळं सारखंच, असं तू म्हणशील. पण माचात तू पैसे मोजतेस ते सावलीचे. जपानमधल्या उजीकडचे चहामळेवाले तोडणीआधी सुमारे तीन आठवडे झाडं झाकून ठेवतात. ऊन लागलं तर पानातल्या थिएनिन या गोडसर द्रव्याची कॅटेचिनं ही तुरट द्रव्यं होतात आणि चहा तुरट होतो. सावलीत थिएनिन टिकतं, हरितद्रव्य वाढतं, आणि ती मंद गोडसर चव येते. मग पान वाफवून, वाळवून, शिरा-देठ काढून दगडी जात्यावर दळायचं. एक जातं तासाला चाळीसेक ग्रॅम दळतं, म्हणजे तुझा एक पेला ही जात्याची तीन मिनिटं. तीन आठवड्यांची सावली अख्ख्या लिंबाखाली गाडायची आणि वर महागातला डबा मागवायचा? २०२४च्या शरद ऋतूत क्योतोच्या नावाजलेल्या दुकानांनाही मागणीपुढे विक्रीवर मर्यादा घालावी लागली होती. रसात घालायला मधल्या प्रतीचा पुरतो. उंची डबा नुसत्या पाण्यातच प्यावा.

रस घालणं म्हणजे जपानी परंपरेचा अपमान, असं तुझी ती चहावाली मैत्रीण म्हणते, तेही मला पटत नाही. पूड घुसळून पिण्याची रीत मुळात सोंगकालीन चीनची. एइसाई नावाचा भिक्षू ११९१ साली तिथून चहाचं बी घेऊन आला आणि १२११ साली त्याने चहाचे गुण सांगणारं पुस्तक लिहिलं, तेही औषध म्हणून. ज्याची सुरुवातच औषधापासून झाली, त्याला सोवळं कसलं? शिवाय आंबटाच्या बाजूनेही पुरावा आहे. २००७ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात पचनाची नक्कल करून पाहिलं, तेव्हा लिंबूवर्गीय रसांमुळे हिरव्या चहातली कॅटेचिनं जास्त टिकली. जपानमधल्या बाटलीबंद हिरव्या चहातही क जीवनसत्त्व घालतातच. मात्र पर्ड्यूचा तो प्रयोग काचेच्या भांड्यातला, माणसाच्या पोटातला नाही. त्यावरून कोणी तुला चरबी वितळवण्याची कृती विकत असेल तर दार लावून घे.

आता खरं मनातलं. रंगाबिंगाचं सोड. निरोपाच्या शेवटी तू सहज लिहिलंयस, 'दिवसाला चार होतात, दुपारचं जेवणही त्यावरच भागतं.' तेव्हापासून चैन नाही. चार पेले म्हणजे आठ ग्रॅम पान, आणि दोन ग्रॅममध्येच साठेक मिलिग्रॅम कॅफीन असू शकतं. रात्री दीडला तुझा निरोप का येतो, ते कळलं. त्यात चहातली ही तुरट द्रव्यं जेवणातलं लोह बांधून ठेवतात. संत्र्याच्या रसाने ते थोडं सैल होतं खरं, पण मुळात जेवणच नसेल तर रस तरी कशाला सोडवणार? तुझं हिमोग्लोबिन मागच्या खेपेला किती होतं, ते तुलाही माहीत आहे आणि तुझ्या आईलाही. जेवणाच्या मागे-पुढे तासभर तरी माचा नको, आणि दुपारी चारनंतर मुळीच नको. रक्त तपासून घे आणि त्याचा कागद मला पाठव. पेल्याचा फोटो पाठवला नाहीस तरी चालेल.

तुझी,
मावशी