पेठांचे नवे दप्तर

करवीर संस्थानाच्या जुन्या कागदांत ज्याची उमेदीची वर्षे सरली, मोडीतल्या रोजकीर्दी, इनामांच्या सनदा आणि वसुलाचे ताळेबंद वाचता वाचता ज्याच्या डोळ्यांना जाड भिंगे लागली, अशा माझ्यासारख्याकडे सेवानिवृत्तीनंतर शाळकरी मुलांकडून छायाचित्रण करवून घेण्याचे काम आले. आमच्या पेठेतल्या एका शिक्षिकाबाईंनी तेरा ते सतरा वर्षांची काही मुलेमुली जमवली होती, आणि सुट्टीच्या दिवशी मोबाईल घेऊन त्यांनी कोल्हापूरचा रोजचा व्यवहार टिपावा असा बाईंचा संकल्प होता. काय टिपावे हे मी सांगावे अशी बाईंची अपेक्षा होती. परंतु ती निवड मुलांवरच सोडावी, आपण केवळ टिपलेल्याची नोंद कशी ठेवावी एवढेच शिकवावे, असे मी पहिल्याच दिवशी त्यांना सांगितले.

या आग्रहाचे मूळ माझ्या नोकरीत होते. १९०२ साली शाहू महाराजांनी संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. हिंदुस्थानच्या सामाजिक इतिहासात ज्याला अग्रमान द्यावा असा तो दस्तऐवज. पण त्या हुकुमान्वये जो पहिल्यांदा कचेरीची पायरी चढला, त्याने त्या दिवशी कोणता अंगरखा घातला होता, त्याच्या शेजारी कोण बसले, दुपारची भाकरी त्याने कोठे बसून खाल्ली, हे सांगणारा एकही कागद माझ्या हाती कधी आला नाही. दप्तराला रकमेची आणि हुद्द्याची चाड असते. माणसाच्या दिवसाची नसते. ही उणीव मला आयुष्यभर सलत आली आहे.

तसे पाहता छायाचित्रणाची विद्या या नगरीला परकी नाही. बाबूराव पेंटरांनी स्वतः खटपट करून येथेच कॅमेरा सिद्ध केला आणि १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली; खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ त्याची साक्ष देत उभा आहे. आमची मुले त्याच रस्त्याने शाळेला जातात. तथापि आरंभी त्यांनी आणलेली चित्रे म्हणजे रंकाळा तलावावरचा सूर्यास्त, अंबाबाईच्या देवळाचे शिखर आणि नवा राजवाडा. चित्रे सुरेख होती, पण ती पाहुण्याच्या डोळ्यांनी काढलेली होती, आणि तसे मी मुलांना स्पष्टपणे सांगितले.

त्यानंतर आम्ही गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर गेलो. सांजेच्या वेळी तेथे म्हशी येऊन उभ्या राहतात, गिऱ्हाईक पेला घेऊन थांबते आणि समोर काढलेले धारोष्ण दूध फेसासकट तोंडाला लावते. कोल्हापूरकराच्या हा व्यवहार इतका अंगवळणी पडला आहे की त्यात पाहण्याजोगे काही आहे असे त्याच्या मनातही येत नाही. नववीतली एक मुलगी मात्र तेथे खिळून उभी राहिली. उजेड उतरत चालला होता. म्हशीचे काळे अंग आणि मागचा अंधार पडद्यावर एकमेकांत मिसळून जात होते. तिने दुधाच्या धारेवर बोट ठेवून उजेडाचे माप बदलले, तशी ती धार पांढऱ्याशुभ्र रेघेसारखी उठून दिसू लागली. परवानगी विचारली तेव्हा गवळीमामा म्हणाले, "माझा कशाला काढतीस पोरी, हिचा काढ की. दूध ही देतीया, मी नुस्ता काढतोय." मुलीने दोघांनाही चौकटीत घेतले, आणि मग वही उघडून म्हशीचे नाव विचारले. तिच्या वहीतली ती नोंद मी उतरवून ठेवली आहे: गंगावेस, दूधकट्टा, दिवेलागण, म्हैस चंद्री, तिसरे वेत, चरवी पितळेची, मामांच्या आजोबांच्या वेळची. वाराशिवाय आणि तारखेशिवाय नोंद पुरी होत नाही हा आमचा दंडक असल्याने तेही खाली होतेच. माझ्या सबंध कारकिर्दीत इतकी नेटकी कैफियत मी क्वचितच वाचली असेल.

दुसरा दंडक असा की ज्याचे चित्र काढले त्याला त्याची छापील प्रत नेऊन द्यायची. हा खटाटोप कोणाला अनाठायी वाटेल. पण प्रत द्यायला परत गेल्यावरच माणसे खऱ्या अर्थाने बोलती होतात, त्यांच्या तोंडून पेठेची हकीकत ऐकू येते, आणि चित्राखालची नोंद दुपटीने वाढते. चपला करणाऱ्या घरातला एक मुलगा होता. आपल्या घरातही टिपण्यासारखे काही असेल हे त्याच्या गावीही नव्हते. त्याने शेवटी आजोबांच्या रापीचे, आरीचे, आणि खिळा न वापरता चामड्याच्या वादीनेच तळ शिवणाऱ्या त्यांच्या बोटांचे चित्र आणले, आणि प्रत्येक हत्याराचे नाव आजोबांना विचारून लिहिले. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनाच्या कागदपत्रांना जितके मोल आहे तितकेच त्या मुलाच्या वहीलाही आहे, असे मी जबाबदारीने म्हणतो.

पुढच्या तुकडीतल्या मुलांनी केशवराव भोसले नाट्यगृहात रंगपटातले आरसे, पडद्यांचे दोर आणि प्रयोगापूर्वी झाडलोट करणारे कामगार टिपले होते. १९१५ साली उभी राहिलेली ती वास्तू ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाली. तिच्या दर्शनी भागाची चित्रे पुष्कळांकडे आहेत. त्या आरशांची आणि त्या झाडूवाल्यांची, नावानिशी, या मुलांकडे आहेत.

नावाचे मोल आम्हाला त्याआधीच कळले होते. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचे पाणी शुक्रवार पेठेत शिरले. ते ओसरल्यावर आमच्यातल्या एका मुलीच्या घरी चिखलात भिजलेले जुने अल्बम निघाले. एकमेकांना चिकटलेली छायाचित्रे ओढून सोडवली तर वरचा थर निघून येतो. म्हणून परातीत स्वच्छ पाणी घेऊन, त्यात ती बुडवून, मुलांनी एकेक चित्र हलक्या हाताने सुटे केले आणि चेहरा वर करून सावलीत वाळत घातले. कित्येकांच्या मागची शाईची अक्षरे धुऊन गेली होती. लग्नाच्या पंगतीतली, मिरवणुकीतली, तालमीच्या दारातली ती माणसे कोण, हे सांगणारे घरात कोणी उरले नव्हते. ज्यांच्या मागे शिसपेन्सिलीने लिहिले होते तेवढ्यांचीच नावे शाबूत राहिली, कारण पेन्सिलीची रेघ पाण्याने विरघळत नाही.

म्हणून वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या घरातली जुनी छायाचित्रे या आठवड्यात बाहेर काढा, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवा, आणि तेरा-चौदा वर्षांच्या नातवंडाच्या हाती मऊ शिसपेन्सिल देऊन प्रत्येकाच्या पाठीवर, कडेला, दाब न देता, चार गोष्टी लिहवून घ्या: नाव, ठिकाण, साल आणि ती माणसे त्या दिवशी काय करत होती.