अप्पांची पद्मिनी

अप्पांची १९८४ सालची पद्मिनी खोकायला लागली. ऐकू कमी येणारे अप्पा खूश! "इंजिन कसं बोलतंय बघ!"

मेकॅनिक म्हणाला, "मॅनिफोल्ड तडकलाय." म्हणजे चारही सिलिंडरांचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे पाठवणारा बिडाचा पाइप. आमच्या बँकेत यालाच क्लिअरिंग म्हणतात. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो, हे ऐकून हिने दुरुस्ती मंजूर केली, मजुरी नाही. तेव्हा पाना मीच उचलला.

चोरबाजारातून दुसरा मॅनिफोल्ड आणला. पावती मागितली, तर दुकानदार नुसता हसला. गंजलेल्या नटांना रात्रभर तेल पाजलं. बाकीचे मुकाट सुटले, शेवटचा मात्र स्टडसकट तुटून हातात आला. उरलेला तुकडा उपटण्यात दोन रविवार गेले. नवं पॅकिंग घालून मधल्या नटापासून कडेकडे आवळत गेलो. शेवटी एक वायसर उरला. बँकेत पाच पैसे जुळेनात तरी आम्ही रात्री नऊपर्यंत बसलोय. इथे गुपचूप खिशात टाकला.

अप्पा ऐटीत पुढच्या सीटवर बसले. मी चावी फिरवली. फटफट पार गेली होती.

थोडा वेळ थांबून अप्पा म्हणाले, "अरे, सुरू कर की!"

"सुरूच आहे, अप्पा!" मी ओरडलो.

त्यांनी डॅशबोर्डावर तळहात टेकवून खात्री केली, आणि तो बराच वेळ तिथेच ठेवला.